माहिर आणि माहेर

रेडिओ न ग्वेल्तख्ता हे आयरिश भाषेतले रेडिओ केंद्र १९७२ पासून चालू आहे. ते मी पहिल्यांदा ऐकायला बसलो तेव्हा मला आयरिशचे चार शब्दही धड येत नव्हते. एक म्हातारी बाई कुणा मुलीची हकिगत सांगत असावी. त्या न कळणाऱ्या बोलण्यातून एक शब्द मात्र पुन्हा पुन्हा वर येत होता आणि तो मला चक्क ओळखीचा वाटत होता: माहेर. अटलांटिकच्या काठावरची ही बाई माहेराविषयी काय सांगते आहे, असा प्रश्न क्षणभर खरोखरच पडला. मधूनच 'वाहिर' असेही काहीतरी कानावर येई. तो दुसराच शब्द असेल असे धरून मी सोडून दिला. बाई सांगत होती त्या मुलीच्या आईविषयी आणि अधूनमधून स्वतःच्या आईविषयी. आयरिशमध्ये आईला 'माहिर' म्हणतात. आणि 'वाहिर' हा दुसरा शब्द नव्हताच, तीही आईच होती.

हा फजितीचा प्रसंग आधी सांगण्याचे कारण असे की या विषयात शिरण्याची वाट नेमकी तिथूनच सुरू होते. आपले 'माहेर' हे 'मातृगृह' या शब्दाचे झिजून झिजून झालेले रूप. त्यातला 'मा' आईचा. ह मात्र घराकडून आलेला. आयरिश 'माहिर'मधला ह आईच्याच शब्दातला आहे, मातृमधल्या त चा तो उरलेला श्वास. म्हणजे या दोन शब्दांचे पहिले अक्षर सख्खे आणि दुसरे नुसते दिसायला सारखे. (हिंदी-उर्दूतला 'माहिर', म्हणजे निष्णात, हा अरबीतून आलेला तिसराच गृहस्थ. त्याचे या दोघांशी काही नाते नाही.) वाचकांनी एवढे एक उदाहरण गाठीशी बांधले तरी शब्दांच्या कुळांचा अभ्यास कसा करू नये हे त्यांना अर्धे कळले. कानाला जे सारखे लागते ते नाते असेलच असे नाही, आणि खरे नाते असते तिथे कान पुष्कळदा काहीच सांगत नाही.

एका परक्या भाषेतल्या एका नामासाठी एवढा खटाटोप का, हे विचारण्याचा वाचकाला पूर्ण अधिकार आहे. माझे उत्तर साधे आहे. आयरिश भाषेतली जी गोष्ट नवख्याला सर्वांत आडमुठी वाटते, म्हणजे शब्दाचे पहिले अक्षर बदलण्याची तिची खोड, तिचा उलगडा या एका शब्दापाशी होतो. आणि शाळेत 'रामः रामौ रामाः' घोकलेल्या मराठी माणसाला तो इतर अनेकांपेक्षा लवकर होतो. ज्या पाठांतराचा आपण इतका कंटाळा केला, ते इतक्या दूरच्या बेटावर उपयोगी पडते, ही मला अजूनही गंमत वाटते.

आधी थोडी पार्श्वभूमी. आयरिश लोक आपल्या भाषेला गेल्गे म्हणतात. युरोपच्या पश्चिम टोकाला उरलेल्या केल्टिक भाषांपैकी ही एक. स्कॉटलंडची गेलिक आणि आइल ऑफ मॅन या बेटावरची मँक्स या तिच्या सख्ख्या बहिणी; वेल्श, कॉर्निश आणि फ्रान्सच्या किनाऱ्यावरची ब्रेटन या चुलत बहिणी. आयर्लंडच्या राज्यघटनेने गेल्गेला पहिल्या अधिकृत भाषेचा मान दिला आहे, आणि २००७ पासून ती युरोपीय संघाचीही अधिकृत भाषा आहे. व्यवहार मात्र वेगळा आहे. २०२२ च्या जनगणनेत १८,७३,९९७ लोकांनी आपल्याला आयरिश बोलता येते असे सांगितले. पण शाळा-कॉलेजबाहेर ती रोज बोलणारे भरले ७१,९६८. ग्वेल्तख्त म्हणजे आयरिशभाषक टापू. तो डोनेगल, गॉलवे, मेयो, केरी अशा काउंट्यांमध्ये तुकड्या-तुकड्यांनी टिकून आहे. तिथल्या घरांत 'माहिर' हा शब्द पुस्तकातून आलेला नाही.

आता शब्दाकडे. रोमन लिपीत तो एम, ए, टी, एच, ए, आय, आर असा लिहितात आणि पहिल्या ए वर एक तिरपी रेघ देतात. या रेघेला फाडा म्हणतात, म्हणजे 'लांब'. तिने 'मा' दीर्घ होतो. टी आणि एच मिळून उच्चार निव्वळ ह. जुन्या आयरिशमध्ये, म्हणजे साधारण आठव्या-नवव्या शतकात, हा ह नव्हता. तिथे इंग्रजी 'थिंक'च्या आरंभी येतो तसा, जीभ दातांना लावून फुंकरीने काढलेला ध्वनी होता. त्याच्याही मागे गेले की स्वच्छ त. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेले व्यंजन ढिले करायचे, हा आयरिशचा जुना स्वभाव. त ची फुंकर झाली, पुढच्या काही शतकांत फुंकरीचा ह झाला, आणि लेखनातला टी मात्र जुन्या वाड्याच्या चौकटीसारखा तसाच उभा राहिला.

हा स्वभाव आपल्याला परका नाही. संस्कृत 'माता' प्राकृतात 'माआ' झाली आणि तिच्यातून आपली 'माय' आली. मराठीने तो त पार पुसून टाकला. आयरिशने पुसता पुसता हात थांबवला. मँक्सने तर तोही थांबवला नाही, तिथे आईच्या शब्दात मधले व्यंजनच उरलेले नाही. तेव्हा 'माय' आणि 'माहिर' यांच्यात जे अंतर दिसते ते दोन वेगळ्या शब्दांमधले नाही, एकाच शब्दाच्या झिजेच्या दोन टप्प्यांमधले आहे.

या शब्दाचा गोतावळा मोठा आहे. लॅटिन मातेर, ग्रीक मेतेर, जुन्या स्लाव्ह भाषेतली माति, आर्मेनियन माय्र, मध्य आशियाच्या वाळवंटात सापडलेल्या तोखारी भाषेतली माचर, आणि आपली मातृ. अल्बेनियन भाषेने तर हा शब्द बहिणीला देऊन टाकला. तिथे मोतर म्हणजे बहीण. घरातल्या थोरल्या बहिणीला आई करणारे संसार आपण पाहिले आहेत, त्यामुळे याचे फार नवल वाटू नये.

मात्र केल्टिक शाखेतच एक चकवा आहे. वेल्शमध्ये आईला 'माम' म्हणतात आणि ब्रेटनमध्येही तसेच. जुना शब्द तिथून उठून गेला. पण पार गेला नाही: वेल्शमध्ये मावशी-आत्याला जो 'मोद्रिब' शब्द आहे, त्याच्या पोटात ती जुनी मातृ बसलेली आहे. आई गेली आणि मावशीने नाव राखले, असे म्हणायला हरकत नाही. युरोपच्या मुख्य भूमीवर जे केल्टिक लोक होते, म्हणजे गॉल, त्यांच्या भाषेतला शब्दही आपल्याला माहीत आहे. दक्षिण फ्रान्समध्ये लार्झाक इथे १९८३ मध्ये शिशाचा एक कोरीव पत्रा सापडला, इसवी सन १०० च्या आसपासचा. त्यावर बायकांची नावे आहेत, आणि त्यांच्यासोबत 'मातिर' आणि 'दुख्तिर' हे शब्द: आई आणि मुलगी. 'दुहितृ' माहीत असलेल्याला दुसऱ्या शब्दाचा अर्थ सांगावा लागणार नाही. पॅरिसजवळ सेन नदीला मिळणारी मार्न नदी आहे, तिचे जुने नाव मात्रोना. तेही याच मुळाचे. नदीला आई म्हणण्याची रीत आपल्यापुरती नाही.

इथे एक शंका येते आणि ती यायलाच हवी. जगभरची तान्ही मुले 'मा' म्हणतातच. मग म-ने सुरू होणाऱ्या आईच्या शब्दांवरून भाषांचे नाते कसे सांगायचे? शंका रास्त आहे. रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाने १९६० च्या सुमारास याच प्रश्नावर एक छोटा, फार सुंदर निबंध लिहिला. दूध पिताना तोंड भरलेले असते, तेव्हा मुलाला नाकातूनच हुंकार काढता येतो, आणि त्या हुंकाराला मोठी माणसे अर्थ देतात, असे त्याचे म्हणणे. अर्थ कोणता द्यायचा हे मात्र मोठ्यांच्या हातात असते. जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे बाप आणि आईला म्हणतात 'देदा'. आपल्याकडे मामा हा आईचा भाऊ. तेव्हा 'मा' या एकट्या अक्षरावर काहीही सिद्ध होत नाही.

पुरावा असतो तो उरलेल्या भागात. 'मा'ला जोडलेला तो 'तर' कोणत्याही बाळाने उच्चारलेला नाही. संस्कृत व्याकरणातली ऋकारान्त नात्यांची पंगत आठवा: पितृ, मातृ, भ्रातृ, दुहितृ, स्वसृ. आता आयरिश पंगत पाहा: बाप अहिर, आई माहिर, भाऊ ब्राहिर. अहिरमध्ये आरंभीचा प दिसत नाही, कारण केल्टिक भाषांनी जुना प सरसकट टाकून दिला. तेवढा परत लावला की पितृ हाती येतो. हे शब्द नुसते सारखे दिसतात असे नाही, ते एकाच पद्धतीने चालतात. त्यांची विभक्तिरूपे एका साच्याची आहेत, आणि तो साचा आयरिशच्या इतर नामांपेक्षा निराळा आहे. नाते चेहऱ्यावरून ठरवू नये, चालीवरून ठरवावे.

ही चाल कशी आहे ते थोडक्यात सांगतो. आई: माहिर. आईचे: माहर. दोन्हींत फरक दिसतो इ चा, पण खरा फरक शेवटच्या र मध्ये आहे. आयरिशमध्ये जवळपास प्रत्येक व्यंजनाच्या दोन जाती आहेत, एक भरड आणि एक बारीक. बारीक र म्हणताना जिभेचा मधला भाग टाळूकडे उचललेला असतो, जणू र च्या मागे एक न उच्चारलेली इ उभी आहे. 'माहिर'चा र बारीक, 'माहर'चा र भरड. लेखनातली इ ही स्वर म्हणून नाहीच. पुढचा र बारीक आहे एवढे सांगायला उभी केलेली ती पाटी आहे. आयरिश स्पेलिंगला लोक उगाच हसतात. ते चक्रम नाही, फार काटेकोर आहे. फक्त त्यातली निम्मी अक्षरे उच्चारायची नसून सूचना देणारी आहेत, हे आधी कुणी सांगत नाही.

हा फरक आला कुठून? प्राचीन केल्टिकमध्ये प्रथमेचे रूप 'मातीर' होते, लार्झाकच्या पत्र्यावर आहे तसे. त्या ई ने र बारीक केला. षष्ठीच्या रूपाच्या शेवटी ओ आणि स होते. ते गळून गेले, पण जाताना ओ ने र भरड ठेवला. प्रथमेचे अनेकवचन जुन्या आयरिशमध्ये 'माथिर' असे होते (मधला थ फुंकरीचा), आणि त्याचे मूळ रूप आपल्या 'मातरः'चे अगदी जुळे. आजच्या भाषेत मात्र अनेकवचन 'माह्रेखा' असे होते. ते शेपूट दुसऱ्या नामांकडून उसने घेतलेले आहे. एकवचन आणि अनेकवचन कानाला सारखे लागू लागले की भाषा अशी उसनवारी करतेच. जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट अशी की आयरिशमध्ये विभक्तीला 'तुशल' म्हणतात, म्हणजे अडखळणे, पडणे. जुन्या मठांतल्या पंडितांनी लॅटिन शब्दाचा तो शब्दशः अनुवाद केला. आपल्याकडे विभक्ती म्हणजे वाटणी. तिकडे नाम वाटले जात नाही, ठेचकाळते.

आता ज्या ठिकाणी मला वाचकाला मुख्यतः न्यायचे होते, तिथे आपण आलो. रेडिओवरचे ते 'वाहिर'.

आयरिशमध्ये 'माझी आई' म्हणजे 'मो वाहिर'. 'तुझी आई' म्हणजे 'दो वाहिर'. 'त्याची आई' म्हणजे 'अ वाहिर'. आणि 'तिची आई' म्हणजे 'अ माहिर'. शेवटच्या दोन्हींत सर्वनाम एकच आहे, 'अ'. तो म्हणजे 'त्याची' की 'तिची', हे सर्वनामाकडे पाहून कळत नाही. कळते ते आईच्या पहिल्या अक्षराकडे पाहून. म चा व झाला तर मालक पुरुष. म शाबूत राहिला तर बाई. या व होण्याला आयरिश व्याकरणात 'शेवू' म्हणतात, म्हणजे मऊ करणे. लेखनात ते एम नंतर एच लावून दाखवतात. जुन्या गेलिक लिपीत अक्षराच्या डोक्यावर नुसता एक ठिपका देत.

नवख्याला हे विक्षिप्त वाटते. पण संस्कृतचे तीन शब्द शेजारी मांडून पाहा: अस्य, अस्याः, एषाम्. त्याचे, तिचे, यांचे. आयरिशच्या 'अ'चे पूर्वज या तिघांचे सख्खे भाऊबंद आहेत. पहिल्याच्या शेवटी स्वर होता, दुसऱ्याच्या शेवटी स, तिसऱ्याच्या शेवटी अनुनासिक. हजारदीड हजार वर्षांपूर्वी कधीतरी हे शेवट गळाले आणि तिन्ही शब्द झिजून एकाच 'अ'वर येऊन थांबले. पण गळण्याआधी त्यांनी शेजारच्या शब्दावर आपली खूण ठेवली होती. 'अस्य'सारख्या स्वरान्त शब्दापुढे 'माहिर' आली की तिचा म दोन स्वरांमध्ये सापडे. आणि स्वरांमधले व्यंजन ढिले करायचे हा आयरिशचा स्वभाव आपण वर पाहिलाच. म्हणून व. 'अस्याः'सारख्या शब्दापुढे मध्ये स उभा असे, म दोन स्वरांत सापडत नसे, म्हणून तो तसाच राहिला. थोडक्यात, हा संधी आहे. आपल्या संधीत दोन्ही शब्द जागेवर असतात आणि सांधा दिसतो. आयरिशमध्ये सांध्याचे एक टोक नाहीसे झाले आणि दुसऱ्या टोकावरचा वळ तेवढा राहिला.

वाचकाला अजून खात्री वाटत नसेल तर आईला जरा बाजूला बसवून बापाला बोलवू. 'त्याचा बाप': अ अहिर. 'तिचा बाप': अ हहिर. 'त्यांचा बाप': अ नहिर. बाप स्वराने सुरू होतो, त्यामुळे लपायला जागाच नाही. 'अस्याः'चा विसर्ग ह होऊन तिच्या बापाच्या दारात उभा आहे, आणि 'एषाम्'चे अनुनासिक न होऊन त्यांच्या बापाच्या दारात. हे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो होतो. तिसऱ्या प्रकाराला आयरिशमध्ये 'उरू' म्हणतात, आणि सूर्यचंद्रांच्या ग्रहणालाही हाच शब्द आहे. उदाहरणार्थ 'बाड' म्हणजे होडी. 'त्यांची होडी' म्हणताना ब म च्या छायेत जातो आणि ऐकू येते 'अ माड'. आईच्या म ला मात्र हे ग्रहण लागत नाही, कारण तो मुळातच अनुनासिक आहे. त्यामुळे 'अ माहिर' म्हणजे तिची आईही आणि त्यांची आईही. संदर्भावरून ओळखायचे.

हेच नियम आईला हाक मारतानाही लागू होतात. संबोधनातही 'अ' येतो आणि म मऊ होतो: अ वाहिर! पण खरे सांगायचे तर अशी हाक आज क्वचितच कोणी मारत असेल. आपणही 'हे माते' म्हणत नाही. घरात चालते 'मॅम' किंवा 'मॅमी', इंग्रजी बोलणाऱ्या शेजाऱ्यांच्या घरात चालते तसेच. गंमत अशी की या घरगुती शब्दालाही भाषा सोडत नाही. आयरिश बोलणारे मूल हाक मारते 'अ वॅम!', आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या सांध्याचा नियम पाळते.

शब्दांच्या संसारातले आणखी काही नमुने वाचकांनी सवडीने चाखावेत. आजीला प्रमाणभाषेत 'शॅनवाहिर', म्हणजे जुनी आई. दक्षिणेत मन्स्टरकडे 'माहिर ख्रीना', शहाणी-वृद्ध आई. काही ठिकाणी 'माहिर वोर', थोरली आई. आणि पश्चिमेकडे लाडाने 'मामो'. सासू म्हणजे 'माहिर ख्येले', जोडीदाराची आई, नावापुरते सरळ. माकूल या समुद्रजिवाला 'माहिर हूय' म्हणतात, म्हणजे चोखणारी आई. हे नाव कोणत्या कोळ्याला सुचले असेल आणि तेव्हा त्याच्या मनात काय होते, यावर मी बराच विचार केला आहे. भाऊ आणि बहीण या शब्दांचे वेगळेच झाले. 'ब्राहिर' मठात गेला आणि तिथेच राहिला, आज त्याचा मुख्य अर्थ धर्मबंधू. 'शूर' म्हणजे बहीण, ती जोगीण झाली. घरच्या भावंडांसाठी मग 'सख्खा' या अर्थाचे उपपद लावून 'द्यर्हार' आणि 'द्रेफूर' हे नवे शब्द घडवावे लागले. आईबाप मात्र घर सोडून गेले नाहीत.

देवाची आई तेवढी वेगळी ठेवलेली आहे. मेरीचे नाव आयरिश बायकांना 'मॉरा' किंवा 'मोरिया' असे ठेवतात, पण येशूच्या आईला 'म्विरा' म्हणतात आणि ते रूप फक्त तिच्यासाठी राखून आहे. वाटेत कोणी भेटले आणि 'देव तुझ्यापाशी असो' म्हणाले, तर उत्तर द्यायचे 'देव आणि म्विरा तुझ्यापाशी असोत'. रोजच्या नमस्काराला आईची जोड मिळते ती अशी. उलट 'मातृभाषा' या अर्थाच्या रूढ आयरिश शब्दात आई नाहीच. तिथे म्हणतात 'त्यांगा घूखश', म्हणजे डूखसची भाषा. डूखस म्हणजे वारसा, जन्मजात स्वभाव, जिथली माती तिथली ओढ, हे सगळे एकत्र. या शब्दाला मराठीत एका शब्दाचा प्रतिशब्द मला आजवर सापडलेला नाही. 'पिंड' जवळ जातो.

आयरिश दगडांवरचे ओघम लेख बापाच्या नावाने माणसाची ओळख सांगतात, अमुकचा मुलगा तमुक. पण जुन्या कथांतला अल्स्टरचा राजा कोन्खोवर हा मॅक नेसा म्हणून ओळखला जातो, आणि नेसा ही त्याची आई. गौतमीपुत्र सातकर्णीचा लेख नाशिकच्या लेण्यात पाहिलेल्या वाचकाला याचे अप्रूप वाटू नये, आपलेपणा वाटावा.

हा अभ्यास घडवणाऱ्या माणसांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्यात आपल्याकडचाही एक धागा आहे. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यात विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे एक मूळ असावे असे सांगितले, तेव्हा केल्टिकचा उल्लेख जरा बिचकतच केला. पुढे अर्धशतकभर केल्टिक भाषा या कुटुंबात बसतात की नाही यावर वाद चालला. अडचण होती ती त्या पहिल्या अक्षराचीच: ज्या भाषेत शब्दाची सुरुवातच हलते, तिची तुलना कशाशी करायची? प्रिचर्ड, पिक्ते आणि १८३८-३९ मध्ये फ्रान्झ बोप यांनी ती शंका फेडली. १८५३ मध्ये त्सॉइस या बव्हेरियन विद्वानाने जुन्या केल्टिक भाषांचे थोरले व्याकरण लॅटिनमध्ये प्रसिद्ध केले. त्याचा आधार होता युरोपभर फिरलेल्या आयरिश संन्याशांनी हस्तलिखितांच्या ओळींमध्ये आणि समासांत लिहिलेल्या टिपा. झांकट गालेन इथल्या लॅटिन व्याकरणाच्या एका पोथीतच अशा आयरिश टिपा तीन हजारांहून अधिक आहेत. विद्यार्थ्यांनी पुस्तकात लिहू नये असे सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

आणि मग व्हिटली स्टोक्स. डब्लिनचा हा वकील १८६२ मध्ये हिंदुस्थानात आला, इथल्या कायद्यांचे मसुदे केले, १८७७ ते १८८२ व्हाइसरॉयच्या मंडळात विधी सदस्य होता, आणि उरलेल्या वेळात जुन्या आयरिश पोथ्या संपादित करत राहिला. त्यातल्या काही कलकत्त्यातच छापल्या. १८६८ मध्ये तिथून निघालेले एक पुस्तक म्हणजे 'कॉर्मकचा कोश'. हा कोश ९०८ मध्ये निवर्तलेल्या, कॅशलचा राजा आणि बिशप असलेल्या कॉर्मकच्या नावावर आहे. त्यातल्या व्युत्पत्त्या वाचताना यास्काच्या निरुक्ताची आठवण येते: शब्द फोडायचा, प्रत्येक तुकड्याला अर्थ द्यायचा, आणि आजच्या शास्त्राला न पटणारे पण फार देखणे काहीतरी हाती घ्यायचे. डब्लिनजवळच जन्मलेले जॉर्ज ग्रिअर्सन पुढे भारतीय भाषांचे सर्वेक्षण करणार होते. त्याचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ चा. ग्रिअर्सन ज्यांच्याकडे संस्कृत शिकले ते रॉबर्ट ॲटकिन्सन आयरिश ग्रंथांचेही संपादक होते. तेव्हा या दोन भाषांना एका मेजावर बसवण्याचा मान आपला नाही.

नव्या वाचकाने सुरुवात कशी करावी? लिपीला घाबरू नका आणि व्याकरणाच्या तक्त्यांना आधी हात लावू नका. प्रथम ऐका. म आणि व यांची अदलाबदल कानाला ओळखू येऊ लागली की मग तक्ते आपोआप सोपे होतात. कोशांमध्ये आधुनिक भाषेसाठी नील ओ डोनिल यांचा १९७७ चा आयरिश-इंग्रजी कोश पुरतो. जुन्या भाषेसाठी रॉयल आयरिश ॲकॅडमीचा मोठा कोश आहे, आणि तो संगणकावर मोकळा आहे. थुर्नआयझेन यांचे जुन्या आयरिशचे व्याकरण (१९०९) हा या घराचा पाया, पण तिथून सुरुवात केलेले फारसे कोणी पुढे गेलेले मी पाहिले नाहीत. त्याला दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. आणि इंग्रजीच्या वाटेने आयरिशकडे जाऊ नका, शक्य तिथे मराठीतून जा. इंग्रजीत आई 'असते' ती मालकीच्या क्रियापदाने. आयरिशमध्ये तसे क्रियापदच नाही. ते म्हणतात 'ता माहिर अगम', शब्दशः 'आहे आई माझ्यापाशी'. मराठीत आपण म्हणतो 'मला आई आहे'. फक्त क्रियापद उचलून पुढे आणले की झाले.

पहिला स्वाध्याय म्हणून 'माहेर' या शब्दाचेच आयरिश करून पाहावे. घर म्हणजे 'ट्याख'. माझ्या आईचे घर: ट्याख मो वाहर. मो नंतर म चा व झाला, कारण मो स्वरान्त. आणि र भरड झाला, कारण षष्ठी. तिच्या आईचे घर: ट्याख अ माहर. इथे 'अस्याः'चा विसर्ग कुठेही ऐकू येत नाही, पण तिच्या म ला अजून त्यानेच राखले आहे.